दिवे घाटाची धास्ती घेतलीय? आधी हडपसरचा विचार करा

वारी जवळ आली की या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. एरवी घरातले वाद, मुलांचे अभ्यास, नोकरीतले प्रश्न असतात, आणि वैशाख संपत आला की पायाला कुठली चप्पल, सोबत काय न्यायचं, गुडघा दुखतोय तर चालू का, हे सुरू होतं. यंदा माउलींच्या पालखीसोबत पहिल्यांदाच चालणाऱ्यांची पत्रं जास्त आलीत आणि जवळपास सगळ्यांच्या मनात एकच दिवस अडकलाय, दिवे घाट चढायचा, म्हणजे पुणे ते सासवडचा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एका दिवसालाच देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी संगमनेरची, वय ५८, दोन वर्षांपूर्वी शाळेतून रिटायर झाले. माझ्या सासूबाईंनी १९ वाऱ्या केल्या. शेवटची तीन वर्षं त्यांना जाता आलं नाही तर त्या ओसरीवर बसून आज पालखी कुठे असेल, कोणत्या गावी कोणाकडे पिठलं-भाकरी असते, ते आम्हाला सांगत बसायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. तेव्हाच ठरवलं की एकदा तरी आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं. दिंडीत नाव दिलंय, भिशी म्हणजे जेवणखाणाचे पैसेही भरलेत, पण आता रात्र रात्र झोप नाही. कारण असं की चार वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर शिवनेरीवर गेले होते तेव्हा मध्यावरच दम लागला, छातीत धडधडायला लागलं, पाय लटलट कापायला लागले आणि दोन भाच्यांनी धरून मला खाली आणलं, येणारेजाणारे सगळे बघत होते. तेव्हापासून चढ दिसला की पोटात गोळा येतो. आमच्या गल्लीतल्या दोघी वारी करून आल्यात, त्या म्हणतात दिवे घाटात माणसं चक्कर येऊन पडतात, तुला झेपायचं नाही. तेवढा एक दिवस मी गाडीने गेले तर वारी खंडित होईल का? घरी बोलले नाही, मुलगा म्हणेल मग जाऊच नकोस.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ओसरीवर बसून पालखीबरोबर मनानं चालणाऱ्या सासूबाई दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. तुम्ही जायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट विचारते. शिवनेरीवर जे झालं त्याला तुम्ही भीती म्हणताय, पण ती नुसती भीतीच होती हे कुणी तपासलंय का? सगळ्या पत्रात डॉक्टरचं नाव कुठे नाही. आपल्या वयाच्या बायकांना चढावर दम लागतो, धडधडतं, त्यामागे रक्त कमी असतं, थायरॉईड असतो, बीपी असतो, कधी हृदयाचंही असतं, आणि आपण 'मी घाबरटच आहे' म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतो. तर या आठवड्यात हिमोग्लोबिन, शुगर, बीपी, थायरॉईड, ईसीजी करून घ्या आणि डॉक्टरांना नीट सांगा की रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचंय, एका दिवशी तीसेक आणि त्यात घाट आहे, म्हणजे त्यांना गरज वाटली तर ते पुढची टेस्ट सांगतील. रिपोर्ट चांगले आले तर रात्रीची निम्मी झोप तिथेच परत येईल, आणि काही निघालंच तर अजून पाच आठवडे हातात आहेत, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू करायला तेवढा वेळ मिळतोय हेच नशीब. मुलालाही तेव्हाच सांगा, हातात रिपोर्ट घेऊन सांगितलं की पोरं ऐकतात.

आता घाटाबद्दल. तुमच्या डोक्यात तो दिवस म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता चढच चढ असा झालाय. माझ्याही डोक्यात तसाच होता. प्रत्यक्षात काय असतं बघा. माउलींची पालखी सकाळी सहाच्या सुमाराला भवानी पेठेतून निघते, शिंदे छत्रीवरून हडपसरला येते, तिथून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला वळते आणि आपण सासवड रस्त्याला लागतो, मग फुरसुंगी फाटा, उरुळी देवाची, वडकी नाला. इथपर्यंत सगळा रस्ता जवळपास सपाट आणि हे अंतर निम्म्याच्या वर जातं. त्यानंतर घाट, तो चार-साडेचार किलोमीटरचा. वळणावळणाचा डांबरी रस्ता आहे, एरवी त्यावरून एसटी आणि मालट्रक जातात, माउलींचा रथ बैल ओढून नेतात, म्हणजे चढ किती उभा असेल याचा अंदाज करा. शिवनेरीसारख्या पायऱ्या नाहीत, हात धरायला लागतील अशा जागा नाहीत, आणि सिंहगड पायथ्यापासून चढतो त्याच्या निम्माही हा चढ भरणार नाही. वर पोचलं की झेंडेवाडीचा विसावा. आणि दुसऱ्या बाजूला घाट उतरायचाच नसतो, वर पठारच लागतं, सासवडपर्यंत साधारण तसंच, त्यामुळे गुडघ्यांचा जीव घेणारा उतार या दिवशी नाही.

मग माणसं चक्कर येऊन पडतात ती का? पडतात हे खरं आहे, तुमच्या शेजारणी खोटं बोलत नाहीत. पण मी इतक्या वर्षांत जे पाहिलंय त्यावरून सांगते, घाटात पडणारं माणूस बहुतेक वेळा हडपसर आणि वडकीच्या मध्येच संपलेलं असतं. आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पण विश्रांती घेतं कोण? दर्शनाच्या रांगेत तीन-चार तास उभं राहायचं, मग दगडूशेठ, मग शनिवारवाडा, मग तुळशीबाग, नातेवाइकांकडे जेवायला जायचं, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर चाळीस जणींच्यात झोप लागत नाही, पहाटे तीनला आंघोळीच्या रांगेसाठी उठायचं. सकाळी पुण्यातून निघताना अंगात उत्साह मावत नाही, बँड, फुलं, पाणी वाटणारी माणसं, आपण दिंडीच्या तालात पळतच असतो. त्यात नेमकी योगिनी एकादशी. पोटात चहा, दोन केळी आणि तळलेला साबुदाणा वडा. हडपसरच्या पुढे ऊन चढतं, डांबर तापतं, गर्दीत दहा पावलं चाल, उभा राहा, परत दहा पावलं, आणि हे थांबत थांबत चालणंच पायांना जास्त दमवतं. वडकीला पोचेपर्यंत दुपार होते नि माणूस रिकामं झालेलं असतं, मग समोर घाट दिसतो आणि सगळा दोष बिचाऱ्या घाटाच्या माथी.

माझी पहिली वारी २०११ ची. मी हेच सगळं केलं, वर नवे कोरे बूट घालून केलं. वडकी नाल्याला एका दगडावर बसले तेव्हा घाटाची पहिली चढण समोर दिसत होती, वर मुंग्यांसारखी भगव्या पताकांची ओळ, आणि माझं हृदय कानात वाजत होतं. मला रडूच फुटलं. शेजारी परभणीकडच्या एक आजी पाय सोडून बसल्या होत्या, सत्तरी कधीच ओलांडलेली. त्यांनी काही विचारलं नाही, पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून हातावर ठेवला आणि थोड्या वेळाने रथाकडे बोट करून म्हणाल्या, "ते बघ बाय, माउलीच्या रथाला बी हितं जास्तीचे बैल जोडाय लागतेत. तुला कशाची लाज वाटायली?" खरंच जोडत होते. या घाटासाठी रथाला नेहमीच्या जोडीच्या पुढे आणखी बैलजोड्या लावतात, शेतकरी आपली जोडी घेऊन हौसेनं येतात, दरवर्षीची रीत आहे ती. मी अर्धा तास तिथे बसले, लाडू खाल्ला, पाणी प्यायले आणि आजींच्या मागे मागे चढून गेले. त्यांचा वेग इतका हळू होता की मला सुरुवातीला लाज वाटत होती, पण त्या कुठेही थांबल्या नाहीत, आणि भराभर पुढे गेलेल्या कितीतरी जणांना आम्ही पुढच्या वळणांवर बसलेलं पाहिलं.

तोच वेग तुम्ही धरा. ओळखायची खूण सोपी आहे, चालता चालता 'ज्ञानोबा-तुकाराम' पूर्ण म्हणता आलं पाहिजे, मध्ये श्वास तुटला की वेग जास्त झाला, लगेच पावलं लहान करायची. पावलं लहान करायची पण थांबायचं नाही. टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकलं की हे आपोआप होतं, आणि ठेका जलद असलेल्या दिंडीच्या मागे लागायचं नाही, तरुण पोरं फुगड्या घालत जातात त्यांचं बघून आपले पाय ओढायचे नाहीत.

आणि समजा मध्येच पुन्हा शिवनेरीसारखं झालं, धडधडायला लागलं, तर आपण आता पडणार असं वाटतं पण बऱ्याचदा तसं होत नाही. डोंगराच्या कडेला व्हा, दरीच्या बाजूला नाही. खाली बसा, शेजारच्याला म्हणा 'माउली, जरा थांबते', वारीत या वाक्याला आजवर कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलं नाही. श्वास आत घेताना तीनपर्यंत मोजा आणि सोडताना सहापर्यंत, सोडणं लांबवायचं, दहा-बारा वेळा केलं की हातापायातलं कापणं कमी होतं. खाली मस्तानी तलाव दिसतो, पाणी असेल तर छान दिसतो, नजर तिथे लावा. मात्र छातीत दाब आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जायला लागलं, दरदरून घाम फुटला, तर श्वास मोजत बसायचं नाही, तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्स मागायची. घाटात त्या दिवशी आरोग्य पथकं असतात, १०८ च्या गाड्या असतात, पोलीस आणि स्वयंसेवक वाट काढून देतात.

गाडीने गेले तर चालेल का, या प्रश्नाला मी टाळलं नाही, मुद्दाम मागे ठेवलं. चालेल. दिंडीचे कितीतरी म्हातारे वारकरी एखादा टप्पा ट्रकमध्ये बसून येतात आणि संध्याकाळी हरिपाठाला पहिल्या ओळीत बसतात, त्यांना कुणी तुमची वारी खंडित झाली म्हणत नाही. फक्त एक लक्षात घ्या, वडकीला पोचून मग ठरवू असं या दिवशी होत नाही. घाट बाकी वाहनांना बंद असतो, दिंडीचा ट्रक सकाळीच पुढे गेलेला असतो, आणि मग उरते ती ॲम्ब्युलन्स, जी कुणा खऱ्या आजारी माणसाला लागणार असते. म्हणून आदल्या संध्याकाळी दिंडीप्रमुखांना सांगून ठेवायचं.

पण तुम्ही मलाच विचारलंय म्हणून माझ्या मनातलं सांगते. अंतर वाचवायचंच असेल तर घाट वाचवू नका, हडपसर वाचवा. पहाटे रस्ते बंद व्हायच्या आत कुणाच्या तरी गाडीने फुरसुंगीच्या पुढे जा, तिथे दिंडीची वाट बघत सावलीला बसा, पोटभर फराळ करा, आणि तिथून ताज्या पायांनी वडकी आणि घाट चाला. शहरातला तो सिमेंट-डांबराचा पट्टा राहिला याची रुखरुख कुणालाच लागत नाही. घाटातून वळून खाली बघितलं की एकाच वेळी सगळी वळणं माणसांनी भरलेली दिसतात, मध्ये रथ, पुढे बैलांच्या जोड्या, आणि तो टाळांचा आवाज दरीतून फिरून परत येतो. तुमच्या सासूबाईंनी ओसरीवर बसून हे नक्की सांगितलं असणार. ते चुकवून सासवडच्या तंबूत बसलात तर मात्र रुखरुख लागेल.

प्रॅक्टिसला पाच आठवडे आहेत. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर, आठवड्यातून एकदा पंधरा, आणि आठवड्यातून दोनदा चढ, एखादी टेकडी किंवा नाहीतर चार मजली इमारतीचा जिना सुद्धा चालेल. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत फिरलात तरी हरकत नाही, चढावर पाय ठेवून सुखरूप परत आल्याचं शरीराला चार-सहा वेळा कळू दे, शिवनेरीची आठवण त्यानेच मागे पडेल, समजुतीच्या गोष्टींनी पडत नाही. वारीत घालायच्याच चपला किंवा बूट घालून चाला, नवीन काहीही आळंदीला घेऊन जायचं नाही. आणि पुण्यातला मुक्कामाचा दिवस तुळशीबागेला देऊ नका, पाय वर करून पडून राहा.

शेवटचं म्हणजे झेंडेवाडीला पोचल्यावर संपलं असं समजू नका, तिथून सासवड अजून आठ-दहा किलोमीटर आहे आणि खूपजणं तिथेच सगळी ताकद नाचून संपवतात. पाणी, एखादा लाडू, पाच मिनिटं बूट काढून बसणं, मग पुढे. सासवडला दोन मुक्काम असतात, म्हणजे सगळ्यात मोठ्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी चालायचं नाही, हे आधीच ठाऊक असलं तरी मनाला बरं वाटतं. कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे. घाट चढून थोरला भाऊ धाकट्याच्या गावी आलेला असतो, तुम्ही त्याच्याबरोबर आलात. तिथे जाऊन बसा, आणि जमलं तर मला एक पोस्टकार्ड टाका.

प्रश्न : माझे मिस्टर ६३ वर्षांचे, बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. वारीची ही त्यांची तिसरी खेप. मागच्या वर्षी एकादशीचा कडक उपास करून घाट चढले आणि वर गेल्यावर बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, थंड घाम, कुणीतरी साखर तोंडात घातली तेव्हा जागेवर आले. यंदाही उपास सोडणार नाही म्हणतात. मला तर त्या दिवसाची इतकी भीती बसलीय की त्यांच्यासोबत निघावं की नको असं झालंय. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची भीती अगदी बरोबर आहे, ती घालवायचा मी प्रयत्नही करणार नाही. जे झालं ती साखर कमी होण्याचीच लक्षणं दिसतात आणि ती कुणी ओळखली म्हणून निभावलं. काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसलं आणि त्यात तीस किलोमीटर चालणं झालं की साखर धोक्याच्या खाली नेतात, इन्सुलिनचंही तेच. त्या दिवशीची गोळी घ्यायची, कमी करायची की वेळ बदलायची हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं हेही तितकंच वाईट. त्यामुळे मिस्टरांना घेऊन जा, मागच्या वर्षीचा प्रसंग जसाच्या तसा डॉक्टरांपुढे सांगा, कारण बरीच पुरुष माणसं तो डॉक्टरांना सांगतच नाहीत.

उपासाबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका, वारकऱ्याला एकादशी सोड म्हणणं सोपं नाही आणि त्यांची श्रद्धा खरी आहे. पण कडक उपास आणि फराळ यात फरक आहे ना. दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, ताक, मूठभर दाणे. नुसता साबुदाणा नको, तो साखर एकदम चढवतो. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असलीच पाहिजे, त्यांच्या आणि तुमच्याही. ग्लुकोमीटर न्या, वडकीला घाटाच्या आधी एकदा तपासा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी आलं तर खाऊन, थांबून, परत तपासल्याशिवाय चढायचं नाही, हा नियम घरूनच कबूल करून घ्या. दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा महाराजांना विश्वासात घ्या. बायकोचं न ऐकणारा माणूस विणेकऱ्याचं ऐकतो, हे मी दोन घरांत बघितलंय. महाराजांनी 'औषधाचं माणूस आहेस, फराळ करून चाल' असं म्हटलं की प्रश्न मिटतो.

आणि हो, तुम्ही सोबत निघा. तुम्हाला ती लक्षणं माहीत आहेत.

प्रश्न : हाय ताई, मी हिंजवडीला जॉब करतो, वय २९. ऑफिसच्या ग्रुपसोबत फक्त एक दिवस पुणे ते सासवड चालणार आहे. सगळे ट्रेकर आहेत, मी वर्षभर खुर्चीवर. मागे पडलो तर? सगळ्यांसमोर लाज जाईल याचंच टेन्शन जास्त आहे.

उत्तर : तू मागे पडशील, आणि बाकीचेही पुढेमागे होतील, कारण त्या गर्दीत पंधरा जणांचा ग्रुप हडपसरच्या पुढे एकत्र राहूच शकत नाही. त्यामुळे सकाळीच तीन-तीन जणांचे गट करा, सारख्या वेगाचे, आणि भेटायच्या जागा ठरवून ठेवा, एक वडकी, एक झेंडेवाडी. गर्दीत फोन लागेलच असं धरून चालू नका. ट्रेकरलोकांना सुद्धा हा दिवस जड जातो बरं का, डोंगरात मातीवर चालायची सवय असते, डांबरावर तीस किलोमीटर म्हणजे तळपाय सोलून निघतात, तेव्हा पायाला आधी खोबरेल किंवा व्हॅसलीन आणि सुती मोजे. पावसाचं काही सांगता येत नाही, रेनकोटमध्ये घामाने भिजशील, वारकरी डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात तोच बरा. सासवडहून परत कसं यायचं हे निघायच्या आधी ठरवा, त्या रात्री गाड्या बोपदेव घाटातून वळवलेल्या असतात आणि तुडुंब भरलेल्या असतात.

आणखी एक सांगते, राग मानू नकोस. तुझ्या आजूबाजूला चालणारी माणसं पंढरपूरपर्यंत जाणार असतात, तू संध्याकाळी घरी येणार. त्यांच्या दिंडीच्या रांगेत फोटोसाठी मध्येच घुसू नका, घाटात ड्रोन आणि रीलसाठी कडेच्या दगडांवर चढू नका, तिथून दगड सुटला तर खाली माणसं असतात. एखाद्या आजीची पिशवी घे हातात आणि तिच्या वेगाने चढ. मागे पडल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो पण विचारते. घाटात बायकांची टॉयलेटची सोय नसते म्हणून मी सकाळपासून पाणीच कमी प्यायचं ठरवलंय. आणि तारखेप्रमाणे पाळीही त्याच दिवसांत येतेय. यामुळे सगळा मूडच गेलाय. — नाव नको

उत्तर : संकोच सोड, हा प्रश्न निम्म्या बायकांच्या मनात असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणी तुझ्यासारखंच करतात, पाणी पीत नाहीत आणि घाटात चक्कर येऊन बसतात. पाणी कमी करायचं नाही. गेल्या काही वर्षांत निर्मल वारी या स्वच्छतेच्या उपक्रमामुळे मुक्कामाच्या आणि विसाव्याच्या ठिकाणी फिरती शौचालयं असतात, रांग असते पण असतात. हिशोब असा ठेव की गरज नाही वाटली तरी वडकीला जाऊनच घ्यायचं, मग थेट झेंडेवाडी. घोट घोट पाणी पीत राहा, एकदम बाटली रिकामी करायची नाही, मधूनमधून लिंबू-साखर-सैंधवाचं सरबत.

पाळीचं म्हणशील तर दिंडीतल्या दर दुसऱ्या बाईचा तो दिवस वारीच्या वीस दिवसांत कधीतरी येतोच आणि त्या चालतातच. गोळ्या घेऊन पुढे ढकलायचा विचार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. जास्तीची पॅड, कागदी पिशव्या, गडद रंगाची सलवार, आणि दिंडीतल्या एका तरी बाईला सांगून ठेव, ओळख नसली तरी. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी सकाळचा टप्पा गाडीने कर, वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तसं.

प्रश्न : आम्ही तुकोबांच्या पालखीत असतो, आम्हाला दिवे घाट नाही म्हणून लोक चिडवतात. आमच्या वाटेवर नवीन माणसाने कशाची तयारी ठेवावी?

उत्तर : तुमचा रोटी घाट आहे की, वरवंडहून निघून पाटस मागे पडलं की लागतो तो. दिवे घाटापेक्षा लहान आहे. पण तो दिवस उंडवडी गवळ्याचीपर्यंत जातो आणि त्या भागात झाडं विरळ, ऊन सरळ डोक्यावर, तेव्हा टोपी किंवा ओला रुमाल आणि पाणी जवळच ठेवायचं, ट्रकमध्ये नाही. घाट सकाळच्या थंडाव्यात चढून होईल असं निघा.